आईची शुगर माझ्या फोनवर

आईला मधुमेह होऊन पंचवीस वर्षं झाली, इन्सुलिनही बरीच वर्षं चालू आहे. इतक्या काळानंतर काही जणांना शुगर उतरल्याचं शरीर कळवतच नाही. घाम नाही, थरथर नाही. आईचं तसंच झालं होतं. एका पहाटे हाका मारल्या तरी ती ओ देईना. बोट टोचून पाहिलं, तर ४८. त्यानंतर डॉक्टरांनी दंडावर चिकटवायचा सेन्सर सुचवला. तो दर पाच मिनिटांनी तिच्या फोनवर आकडा पाठवतो आणि तोच आकडा घरच्यांच्याही फोनवर दिसतो. मला वाटलं, चला, आता निवांत झोप लागेल.

सेन्सर लावायला दोन मिनिटं लागली, फोनची मनधरणी दोन दिवस चालली. आकडे यायचे आणि तासाभराने थांबायचे. फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारं ॲप परस्पर बंद करतोय, हे दादाने शोधून काढलं. मग ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळलं, फोन सायलेंटवर असला तरी अलार्म वाजेल अशी परवानगी दिली आणि ब्लूटूथला हात लावायचा नाही असं आईला बजावलं. हे आधी कोणी सांगत नाही.

तिसऱ्या रात्री अडीचला अलार्म वाजला. ५८. धावत गेले, आईला उठवून ग्लुकोजचं पाणी पाजलं. ती म्हणाली, "अगं, मी बरी आहे." आकडा वर चढेना म्हणून पुन्हा पाजलं. सकाळी शुगर २६०! सलग तीन रात्री हेच. चौथ्या रात्री मात्र आधी बोट टोचलं, तर ११२.

नर्सने विचारलं, "कोणत्या कुशीवर झोपतात?" डाव्या. सेन्सरही डाव्याच दंडावर. तो अंगाखाली दाबला गेला की खोटा कमी आकडा दाखवतो. शिवाय तो रक्तातली नाही, पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. साखर दिल्यावर फोनकडे बघत बसायचं नाही. १५ ग्रॅम द्यायची, १५ मिनिटं थांबायचं आणि बोट टोचून बघायचं. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावला. जुना ग्लुकोमीटर अजून उशाशीच असतो.

यंत्राचं जमलं, पण आमचं बिनसलं. मी ऑफिसातून फोन करायचे, "आई, १९० झालीय, काय खाल्लंस?" दिवसातून चार-चारदा. एके दुपारी माझ्या स्क्रीनवर आकडेच येईनात. घाबरून घरी पोचले, तर फोन कपाटात आणि आई त्यापासून लांब, शेजारच्या घरी गप्पा मारत बसलेली. म्हणाली, "तू मला कुठे विचारतेस? फोनलाच विचारतेस."

त्या रात्री आम्ही तिघं बोललो. शुगर वाढल्याचे अलार्म माझ्या आणि दादाच्या फोनवर बंद केले. जेवणाबद्दल फोन करायचा नाही, हे मी कबूल केलं (दोनदा मोडलंय). रात्री वाटून घेतल्या. दादा दुसऱ्या गावी असतो, पण त्याच्या पाळीच्या रात्री ७० खालचा अलार्म त्याच्याकडे वाजतो. तो आईला फोन करतो, तिने उचलला नाही तर मला उठवतो. त्या रात्री माझ्या फोनवर फक्त ५५ खालचा.

दोन आठवड्यांचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. शुगर ७० ते १८० मध्ये ५८ टक्केच वेळ होती, म्हणून मी खट्टू होते. ७० टक्के हवा असं वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, आईच्या वयाला आणि तिच्या हायपोच्या (शुगर फार उतरण्याच्या) धोक्याला निम्मा वेळ पुरे. बघायचं ते खालच्या टोकाला. ७० खालचा वेळ एक टक्क्याच्या आत हवा, म्हणजे दिवसाला जेमतेम पाव तास. दाबामुळे आलेले खोटे आकडे सोडूनही आईचा तो चार टक्के निघाला, बहुतेक सगळा पहाटे दोन ते पाचमधला. त्यांनी रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. मी इतके दिवस नेमकी उलट्या टोकाची काळजी करत होते.

परवा दादाची पाळी होती. सकाळी उठले तर त्याचा मेसेज पहाटे ३.४० चा : "६६ होती. आईने फोन उचलला, साखर घेतली. बोट टोचून आता १०४. तुला उठवू नको म्हणाली."