ग्रेडियंट नक्की कुठे बघतो? एम-थ्रीचा माझा अनुभव

एम-थ्रीमधलं, म्हणजे इंजिनीअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरातलं, व्हेक्टर कॅल्क्युलस मी काढलं, चांगल्या मार्कांनी काढलं. तरी त्यातल्या एका जागेची चिडचिड अजून गेलेली नाही. पार्शल डेरिव्हेटिव्ह (बाकीची चलं स्थिर धरून एकाच चलाने काढलेला बदलाचा दर) नीट येत असतील तर सुरुवात सोपी आहे. खोलीतल्या प्रत्येक बिंदूला तापमानाचा एक आकडा असतो, म्हणून ते स्केलर फील्ड. वाऱ्याला वेगाबरोबर दिशाही सांगावी लागते, म्हणून ते व्हेक्टर फील्ड. इथे कुणी अडत नाही.

अडतं ते पुढे. वर्गात सांगितलं, ग्रेडियंट, म्हणजे स्केलर फील्डचे पार्शल डेरिव्हेटिव्ह घटक म्हणून घेऊन बनलेला व्हेक्टर, सगळ्यात जास्त चढाच्या दिशेने असतो. त्याच तासाला फळ्यावर आलं, ग्रेडियंट पृष्ठभागाला लंब असतो. दोन्ही वाक्यं वहीत उतरली आणि लगेच गणितं सुरू झाली. आता डोंगर डोळ्यांपुढे आणा. चढ डोंगराच्या अंगावरून वर जातो, लंब अंगातून बाहेर निघतो. एकच बाण दोन्हीकडे कसा बघेल? सरांना विचारलं तर म्हणाले, "फॉर्म्युला लक्षात ठेव, गणित सुटतं." सुटतं, खरं आहे. पण नोट्समध्ये पानंच्या पानं सोडवलेली गणितं आणि चित्र एकही नाही, हे मला आजही पटत नाही. एका नकाशाने काम झालं असतं.

माझं काम नकाशानेच झालं. ट्रेकसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट वापरायचो, तीच काढून बसले. कळसूबाई, १६४६ मीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला. एका रेषेवरून चालत राहिलं तर उंची बदलतच नाही, म्हणजे त्या दिशेने बदलाचा दर शून्य. आणि कुठल्याही दिशेचा दर म्हणजे ग्रेडियंट आणि त्या दिशेचा एकक (लांबी १ असलेला) व्हेक्टर यांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे घटकांच्या गुणाकारांची बेरीज; दोन व्हेक्टर लंब असले की तो शून्य येतो. तो शून्य, म्हणून ग्रेडियंट रेषेला लंब! डोंगराला नव्हे, रेषेला. बाण कागदावर आडवाच पडलेला असतो, कारण त्याला घटक दोनच आहेत, एक्सचा आणि वायचा. उंची ही फील्डची किंमत आहे, दिशा नाही. रेषा जिथे दाटतात तिथे कडा उभा आणि बाण लांब.

तीन चलं आली की रेषेच्या जागी पृष्ठभाग येतो. एक्स² + वाय² + झेड² = ९ या गोलावर कुठेही फिरा, किंमत ९ च राहते. तिथे चढ नाहीच. चढ आहे बाहेरच्या, मोठ्या गोलाकडे, आणि तीच लंब दिशा. दोन्ही वाक्यं खरी होती, फक्त चढ कशाचा आणि लंब कशाला, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग डोंगराच्या अंगाला लंब हवा असेल तर? झेड = एक्स² + वाय² − ३ घ्या, बिंदू (२, −१, २). झेड पलीकडे नेऊन एक्स² + वाय² − झेड = ३ असं लिहा, ग्रेडियंट येतो (४, −२, −१). त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे नकाशावरचा बाण, आणि शेवटचा −१ आला की लंब तयार. याच बिंदूत वरच्या गोलाचा ग्रेडियंट (४, −२, ४), म्हणून दोघांतल्या कोनाची कोसाइन १६ भागिले ६√२१, कोन सुमारे ५४.४ अंश. हे गणित परीक्षेत फार आवडीचं आहे, करून ठेवाच.

एक आधीच सांगायला हवं होतं: एखाद्या दिशेतला दर विचारला की दिलेल्या दिशेला आधी तिच्या लांबीने भागा. ग्रेडियंट (१, −३, −३) आणि दिशा (१, २, २) असेल तर उत्तर −११ नाही, −११/३. तपासायला वेळ लागत नाही. ग्रेडियंटची लांबी √१९, म्हणजे ४.३६ च्या आसपास. कुठल्याही दिशेचा दर याहून मोठा असूच शकत नाही, त्यामुळे −११ दिसताक्षणी खोडता येतं. पेपरात मी प्रत्येक उत्तराशेजारी ही लांबी पेन्सिलने लिहीत गेले.