उतारावरचं घर: आधी पाण्याची वाट, मग खोल्या

गुहागर तालुक्यातली आमची वरकस (डोंगरउताराची, हलकी) जमीन साधारण १:६ उताराची आहे. सहा मीटर चाललं की एक मीटर खाली. तोंड पश्चिमेला समुद्राकडे, पाठीशी सडा, म्हणजे कातळाचं पठार. अशा जागेवर मोठ्या मोकळ्या खोल्यांचं, नव्या पद्धतीचं घर हवं असेल तर आर्किटेक्टसोबत काय कुठल्या क्रमाने ठरवावं लागतं, ते या अनुभवावरून लिहितो आहे. क्रम चुकला तर नकाशा सुंदर होतो आणि घर गळतं.

कागदांचं आधी. सात-बारावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचा किंवा खाजगी वनाचा शेरा आहे का ते पाहिल्याशिवाय आर्किटेक्टला एक रुपयाही देऊ नये. डोंगरउताराच्या जमिनींवर वनाचा शेरा अनेकदा निघतो आणि तो असताना पुढचं काहीच हलत नाही. भूमी अभिलेखची मोजणी, नगर रचनेचा झोन दाखला, गावठाणापासूनचं अंतर आणि नकाशावर दिसणारा रस्ता (वहिवाटीची पाखाडी म्हणजे रस्ता नव्हे) एवढं हातात हवं. जागा खाडीकाठच्या टेकडीवर असेल तर २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषा कुठून जाते हेही. आणि उतार १:५ पेक्षा तीव्र असेल तर परवानगी अडते, त्यामुळे घर जमिनीच्या कुठल्या तुकड्यावर बसणार हे बऱ्याचदा समुद्र कुठून दिसतो यावर नाही, उतार कुठे सौम्य आहे यावर ठरतं.

यानंतर कंटूर सर्व्हे. अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा हव्यात. एक मीटरचं अंतर घराच्या कामाला पुरत नाही. ड्रोनचा सर्व्हे स्वस्त पडतो, पण आंबा-काजूच्या झाडीखाली ड्रोनला पानं दिसतात, जमीन दिसत नाही. टोटल स्टेशनने (जमिनीवर उभं करून मोजायच्या यंत्राने), गवत वाळल्यावर किंवा कापल्यावर, एप्रिल-मेमध्ये करून घ्यावा. रेषांबरोबर मोठ्या झाडांचे बुंधे, उघडा कातळ, जुने गडगे (दगड रचून घातलेले बांध), पऱ्या (पावसाळी ओहोळ), शेजाऱ्याची विहीर आणि विजेचे खांब नकाशावर यायला हवेत. गडगा ज्याने घातला त्याने बहुधा पाणी पाहूनच घातलेला असतो. तो कुठे वळतो, कुठे तुटलाय, यातून पुष्कळ कळतं.

सर्व्हेबरोबरच घराच्या संभाव्य कोपऱ्यांवर दोन-तीन मीटर खोल चाचणी खड्डे घ्यावेत. वरचा जांभा कडक असतो, पण त्याची जाडी एकाच जागेत बदलते आणि त्याखाली पांढरट-पिवळी मऊ चिकणमाती लागते. ती कोरडी असते तोवर घट्ट वाटते, पाणी मुरलं की ताकद सोडते. डोंगर खणून सपाटी करताना जांभ्याचं टोपण तुटलं की ही माती उघडी पडते आणि पावसाचं पाणी थेट तिच्यात जातं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली, त्यानंतर या विषयावर कोकणात कुणाला समजावावं लागू नये. तरीही जेसीबी आणून आधी ‘जागा साफ’ करण्याची घाई अजून दिसते. खड्डे होईपर्यंत जेसीबीला जागेवर येऊच देऊ नये.

आता पाणी. आर्किटेक्टने जागा जुलैत, धो धो पावसात पाहिलीच पाहिजे. मुंबई-पुण्याचे लोक डिसेंबरात येतात, सूर्यास्त पाहतात आणि दिवाणखाना पश्चिमेला काढून मोकळे होतात. हिशोब साधा आहे. ताशी १०० मिलिमीटरची सर कोकणात नवलाची नाही. छप्पर १५० चौरस मीटर धरलं तर अशा सरीत त्यावरून सेकंदाला सुमारे ४ लिटर पाणी उतरतं. पण घराच्या वरच्या अंगाला अर्धा हेक्टर उतार असेल आणि त्यावर पडलेल्या पाण्यातलं ६० टक्के वाहून आलं, तर सेकंदाला ८० लिटरहून जास्त पाणी घराच्या पाठीवर येतं. छपराच्या वीसपट! पन्हळीची चर्चा तासभर चालते आणि या पाण्याची होतच नाही.

म्हणून पहिली रेघ घराची नाही, वरच्या चराची. घराच्या मागे काही अंतर सोडून, उताराला आडवा, दोन्ही बाजूंनी घराला वळसा घालून नैसर्गिक पऱ्याला मिळणारा चर. ४५ सेंटिमीटर रुंद, तेवढाच खोल, ५० मीटरला एक मीटर ढाळ. गणिताने हा चर आलेल्या पाण्याला गरजेपेक्षा मोठा ठरतो, पण निम्मा चर पाचोळ्याने आणि मातीने भरणार हे धरूनच चालावं. पऱ्यावर बांधू नये, पऱ्या वळवू नये, आणि आपलं पाणी शेजाऱ्याच्या आगरात सोडू नये. तिसऱ्या गोष्टीवरून कोकणात पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद राहतं.

मातीला धरणाऱ्या भिंतीचंही तेच. भिंती मातीने पडत नाहीत, मागे साठलेल्या पाण्याने पडतात. दर दीड मीटरला १०० मिलिमीटरचा पाइप, बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, आणि भिंतीमागे किमान ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर. खडी नसेल तर पाइप पहिल्याच पावसात मातीने बुजतात. शक्य असेल तिथे एक उंच काँक्रीट भिंत घालण्याऐवजी दोन-तीन बुटके सुके गडगे टप्प्याटप्प्याने घालावेत. सांध्यांतून पाणी आपोआप निघून जातं.

यानंतर घराचा छेद. सपाट जागेवर आधी प्लॅन काढतात. उतारावर आधी सेक्शन काढावा. घराची पुढून मागपर्यंतची लांबी १२ मीटर आणि उतार १:६ असेल तर पुढच्या आणि मागच्या कडेत २ मीटरचा फरक येतो. सगळं एका पातळीवर आणायचं तर मागे मीटरभर खणून पुढे मीटरभर भराव घालावा लागतो, आणि भरावावर पाया कधीच बसवायचा नसतो, म्हणजे पुढचा पाया भराव भेदून मूळ जमिनीत न्यावा लागतो. पैसे दोनदा जातात. त्याऐवजी मीटर-मीटरच्या दोन उतरणी घेऊन घर तीन पातळ्यांत मोडलं तर प्रत्येक उतरणीला साधारण १६-१७ सेंटिमीटरच्या सहा पायऱ्या लागतात आणि खणणं-भरणं बरंच कमी होतं. यात एक अट: घरात म्हातारं माणूस असेल तर झोपायची खोली, न्हाणीघर आणि जेवणाची जागा एकाच पातळीवर हवी. हे आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत लेखी द्यावं, नाहीतर मास्टर बेडरूम समुद्र दिसावा म्हणून सर्वांत वर जाते.

समुद्र पश्चिमेला, दुपारचं ऊन पश्चिमेचं आणि पावसाची झड नैऋत्येची. तिन्ही एकाच भिंतीवर येतात, त्यामुळे मोठ्या काचेचा हट्ट इथे महाग पडतो. आम्ही उत्तर जुन्या घरांतूनच घेतलं. पडवी २.४ मीटर खोल ठेवली आणि वळचणीची कड जमिनीपासून २.१ मीटरवर आणली. एप्रिलमध्ये दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असतो. अशा पडवीत तेव्हा भिंत जवळजवळ पूर्ण सावलीत राहते. पाचला ऊन जेमतेम मीटरभर उंचीपर्यंत चढतं आणि मग सरकत्या लाकडी झडपा लागतातच. छपराचा उतार ३० अंशांचा असल्याने भिंतीपाशी उंची साडेतीन मीटर मिळते, त्यामुळे आत बुटकं वाटत नाही. सरकत्या काचेच्या दाराचा रूळ फरशीच्या पातळीत हवा, असा आग्रह डिझाइनर धरतात. झडीच्या तोंडावर तो चालत नाही. उंबरा किमान ५ सेंटिमीटर, आणि रुळाला बाहेर पाणी निघायची भोकं.

सपाट स्लॅबबद्दल फार लिहीत नाही. तालुक्यात फिरून पाहा, दहा वर्षांपूर्वीच्या सपाट स्लॅबांवर आज पत्रे दिसतील. कौलारू छपरात मात्र खाचाखोचा आहेत. उतरत्या स्लॅबवर कौलं थेट सिमेंटच्या मालावर चिकटवली तर ओल तिथेच कोंडते. खाली पट्ट्या ठोकून हवा खेळती ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-दापोलीकडे छपरं गेली, त्यामुळे कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) नुसत्या भिंतीवर टेकवू नयेत. वरच्या काँक्रीट पट्ट्यात बोल्ट गाडून त्यांना आवळाव्यात, आणि कडेच्या व कोन्याच्या कौलांना तारेने बांधावं.

चिऱ्याची (जांभ्याच्या घडीव दगडाची) भिंत उघडी ठेवायची असेल तर सगळी मापं चिऱ्यावरून निघाली पाहिजेत, आणि हे आर्किटेक्टला चिरेखाणीवर नेल्याशिवाय पटत नाही. आमच्याकडे मिळणारा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. अर्धा इंच सांधा धरला की एक थर साडेसात इंचांचा. चार थरांवर खिडकीचा तळ (३० इंच), अकरा थरांवर चौकटीचा माथा (साडेब्याऐंशी इंच), सोळा थरांत १० फूट. सात फुटांची ठरीव चौकट आणली तर माथ्यावर दीड इंचाची चीप बसवावी लागते आणि ती भिंत असेतोवर डोळ्यात खुपते. ९ इंची भिंतीला १०० चौरस फुटांमागे १३०-१३५ चिरे लागतात, तुटफूट धरून १४५ मागवावेत. ताजा चिरा मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो. खाणीतून आला की लगेच भिंतीत घालू नये. उघड्या चिऱ्यात विजेच्या पाइपसाठी खाच मारता येत नाही, म्हणून प्रत्येक बटणाची जागा बांधकामाआधी ठरवून पाइप फरशीखालून आणि चौकटीच्या बाजूने न्यावेत. हा नकाशा बहुतेक ठिकाणी सर्वांत शेवटी येतो. तो आधी मागावा.

काँक्रीटसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारी हवेला ‘सिव्हिअर’ (तीव्र) वर्ग आहे: एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. ठेकेदाराच्या हातात सवयीने एम २० आणि २५ मिलिमीटरचं कव्हर बसलेलं असतं, त्यामुळे हे आकडे स्ट्रक्चरल नकाशावर ठळक हवेत. खाडीची रेती नको, तिच्यातलं मीठ सळई खातं. बाहेरचे स्क्रू आणि बिजागऱ्या ३०४ नव्हे, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या.

छोट्या पण हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: पावसाळ्यात कपडे वाळत घालायची झाकलेली, वारा खेळती जागा, पश्चिमेच्या भिंतीला कपाट न टेकवणं (बुरशी पहिल्याच वर्षी येते), शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच न घेणं, कारण जांभ्याच्या पोकळ्यांतून पाणी न गाळता धावतं.

वेळापत्रक पावसावरून मागे मोजायचं. मृगाच्या आत छप्पर हवं, म्हणजे भिंती मार्चअखेर, जोतं जानेवारीत, खणाई दिवाळीनंतर लगेच. मध्ये शिमग्याला गावचे गडी मिळत नाहीत, हे धरून. त्यासाठी दसऱ्यापर्यंत मंजुरीचे नकाशे नव्हे, कामाचे नकाशे पूर्ण पाहिजेत: पायाचा, प्रत्येक भिंतीचा थरांसह, चौकटींचा तक्ता, विजेचा, पाण्याच्या निचऱ्याचा. ते नसतील तर काम पुढच्या हंगामावर ढकलणं परवडतं, अर्धवट नकाशावर सुरू करणं परवडत नाही.

आर्किटेक्टच्या करारात जागेवरच्या भेटी कुठल्या टप्प्यांना, हे नावाने लिहून घ्यावं: पाया खणल्यावर काँक्रीटच्या आधी, जोत्याच्या पट्ट्याची सळई बांधल्यावर, चिऱ्याचा पहिला थर लागल्यावर, कैच्या बसल्यावर. आणि एक भेट पहिल्या पावसात. अंगणातली फरशी, वाट आणि गडग्यांवरचं शेवटचं काम तोवर थांबवावं. भराव एका पावसाळ्यात बसतो, चराचं पाणी कुठे उसळतं ते दिसतं, आणि मग ढाळ दुरुस्त करून ऑक्टोबरात फरशी घालता येते. फीचा शेवटचा हप्ताही त्या भेटीनंतरच द्यायचा.