परमिट देताना आणि परमिट शिकवताना

वीजतंत्री व्यवसायाचा दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करून मी १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली वीज मंडळात दाखल झालो, तेव्हा मोटारीचे वाइंडिंग, घरातील वायरिंग आणि स्टार्टरची जोडणी ही कामे मला चांगली जमत होती. सोलापूर जिल्ह्यातील एका ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणाऱ्या केंद्राच्या) यार्डात उभे राहिल्यावर मात्र यातले फारसे काही इथे उपयोगी पडणार नाही, हे लवकरच लक्षात आले. पुढे त्याच भागात यंत्रचालकाची नोकरी लागली. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन आमचे उपकेंद्र महावितरणकडे आले आणि काही वर्षांनी शिकाऊ उमेदवारांना शिकवण्याचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. या नोकरीत सर्वांत जास्त काळजीने मी काही केले असेल, तर ते परमिट देणे आणि परमिट शिकवणे. परमिट म्हणजे लाइन बंद केली आहे, तिच्यावर काम करता येईल, असे यंत्रचालकाने सहीनिशी दिलेले लेखी पत्र.

आमचे प्रधान यंत्रचालक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, नव्या मुलाला पहिले काही आठवडे पॅनेलला हात लावू देत नसत. सकाळी यार्डात नेऊन येणाऱ्या ३३ केव्ही लाइनपासून बाहेर जाणाऱ्या ११ केव्ही फीडरपर्यंत (ग्राहकांकडे वीज नेणाऱ्या लाइनपर्यंत) प्रत्येक उपकरणाचे नाव आणि काम ते वदवून घेत: लायटनिंग अरेस्टर (विजेच्या कडकडाटापासून संरक्षण), आयसोलेटर (पाती उघडून लाइन तोडणारा स्विच), पीटी आणि सीटी (व्होल्टेज आणि करंट मोजण्यासाठीचे छोटे ट्रान्सफॉर्मर), ब्रेकर (भार असतानाही पुरवठा तोडू शकणारा स्विच), ट्रान्सफॉर्मर, मग ११ केव्ही बस (सगळे फीडर जिथून निघतात ती सामाईक पट्टी). त्यानंतर कोऱ्या कागदावर तोच मार्ग एकेरी रेषेत काढायचा. दर तासाला लॉगशीटमध्ये रीडिंग लिहिण्याचे कामही ते लगेच देत नसत. आधी ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेवरून करंट काढायला लावत. पाच एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण भारावर ३३ केव्ही बाजूस सुमारे ८७ आणि ११ केव्ही बाजूस सुमारे २६२ अँपिअर येतात, हे ज्याने स्वतः काढले आहे, त्याला २४० चा आकडा लिहितानाच ट्रान्सफॉर्मर भरत आल्याचे कळते. हा क्रम मी आजही तसाच ठेवला आहे.

शेतीचा भार असलेल्या उपकेंद्रात ट्रिपिंग, म्हणजे ब्रेकर आपोआप उघडून पुरवठा बंद पडणे, पुष्कळ. थ्री-फेज पुरवठा दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशा पाळ्यांनी दिला जाई आणि बहुतेक शेतकऱ्यांनी पंपांना ऑटो स्विच बसवलेले असत. त्यामुळे फीडर चालू करताच शेकडो मोटारी एकदम सुरू होत आणि सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट घेत असल्याने ओव्हरकरंट रिलेने (करंट मर्यादेबाहेर गेला की ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाने) ब्रेकर पुन्हा पडे. नवखा मुलगा अशा वेळी घाईने रिलेचा फ्लॅग (कोणत्या दोषाने रिले चालला ते दाखवणारी खूण) रीसेट करतो आणि ब्रेकर परत चालू करू पाहतो, कारण बाहेर फोन वाजत असतो. तो फ्लॅग लॉगमध्ये लिहिल्याखेरीज रीसेट करायचा नाही, असा माझा दंडक आहे. ओव्हरकरंटचा फ्लॅग पाळीच्या सुरुवातीस पडला तर ते बहुधा मोटारी एकदम सुरू झाल्याने असते, आणि मध्यरात्री ‘अर्थ फॉल्ट’चा (वीज जमिनीत जात असल्याचा) पडला तर तुटलेल्या तारेची शंका आधी घ्यावी लागते. ती तार एखाद्याच्या बांधावर पडलेली असू शकते.

बॅटरीकडे उमेदवारांचे लक्ष सहसा जात नाही. आमच्याकडे ३० व्होल्टचा संच होता, म्हणजे दोन व्होल्टचे पंधरा सेल. रिलेने दोष ओळखला तरी ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल बॅटरीच्या याच डीसीवर (एकदिश विजेवर) चालते; डीसी गेले तर रिले आपले काम करूनही ब्रेकर उघडत नाही. म्हणून सेलचे व्होल्टेज आणि आम्लाची घनता मोजण्याचे, कोणालाच न आवडणारे काम मी आठवड्याच्या सुरुवातीलाच करून घेतो.

आता परमिट. लाइनवर काम करणारी टोळी शटडाऊन मागते, तेव्हा यंत्रचालक प्रथम फीडरचे नाव मागणाऱ्याला परत म्हणून दाखवून खात्री करतो, मग ब्रेकर उघडतो आणि तिन्ही फेजचे अँपिअर शून्यावर आल्याचे पाहतो. त्यानंतर तो यार्डात जाऊन आयसोलेटर उघडतो. हा क्रम बदलता येत नाही, कारण आयसोलेटरमध्ये ठिणगी विझवण्याची सोय नसते आणि भारावर उघडल्यास ती पात्यांमधून पेटत राहून हँडल फिरवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर येते. आयसोलेटरची तिन्ही पाती डोळ्यांनी पाहायची. हँडल फिरले म्हणजे पाते सुटले असे नाही, कारण एखादे पाते गंजून जागेवरच चिकटलेले असते. मग कुलूप, ‘लाइनवर माणसे काम करीत आहेत’ ही पाटी, लाइन बाजूस अर्थिंग (तारा जमिनीशी जोडणे), आणि शेवटी वेळ, फीडर, उघडलेली उपकरणे व घेणाऱ्याचे नाव लिहून परमिटावर दोघांच्या सह्या. पुरवठा पुन्हा सुरू करताना हेच सारे उलट्या क्रमाने करायचे, परंतु परमिट घेतलेल्या माणसाने स्वतः येऊन ते रद्द केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

हे शिकवताना अडचण येते ती बहुधा याच शेवटच्या वाक्यापाशी. एकाच फीडरवर दोन ठिकाणी काम चालले असेल, तर दोन स्वतंत्र परमिटे निघतात. एकदा सरावाच्या वेळी मी एका उमेदवाराला विचारले, “पहिल्या टोळीचा लाइनमन परमिट परत देऊन गेला आणि दुसऱ्याने फोन करून सांगितले की, ‘आमचे पण झाले, चालू करा.’ तू काय करशील?” तो म्हणाला, “सर, आवाज ओळखीचा असेल तर चालू करीन.” वर्गातली निम्मी मुले माना डोलावत होती. त्यावर मी भाषण दिले नाही. दुसरे परमिट त्याच्या हातात दिले आणि त्यावर रद्द केल्याची सही कोठे आहे ते दाखवायला सांगितले. सही नव्हती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक तुकडीत हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो.

सरावासाठी मी काढून टाकलेले एक जुने पॅनेल वापरतो. त्यावर उमेदवाराने बोलत बोलत काम करायचे, आणि त्याआधी पूर्ण क्रम स्वतःच्या अक्षरात लिहून काढायचा. मुले याला कंटाळतात. अनेकांना भरतीसाठी प्रमाणपत्र हवे असते, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. मात्र उमेदवारीच्या शेवटी होणाऱ्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेपेक्षा हा लिहिलेला कागद मी अधिक काटेकोरपणे तपासतो.

अलीकडे या सरावात एक भाग वाढवावा लागला आहे. उपकेंद्रातून फीडर बंद केला म्हणजे तार मृत झाली, हे गृहीत आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. शेजारच्या उपकेंद्राचा फीडर एखाद्या एबी स्विचमधून (खांबावरच्या हाताने चालवायच्या स्विचमधून) जोडलेला असतो, दुकानातले जनरेटर चेंजओव्हर (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच) न बसवता चालवले जातात, आणि छतांवर सौर संच आले आहेत. सौर संचाचा इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर आपोआप बंद होणे अपेक्षित असते, पण लाइनमनने त्या अपेक्षेवर खांबावर चढू नये. म्हणून परमिट हातात आल्यानंतरही कामाच्या जागी तार तपासणे आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे हे मी उपकेंद्राच्या मुलांनाही लाइनवर नेऊन करायला लावतो. परमिट लिहिणाऱ्याने पलीकडच्या माणसाचे काम एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेले असावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.