अमेरिकेत पदवीसाठी: छोटं कॉलेज की मोठं विद्यापीठ?

पदवी मी न्यू इंग्लंडमधल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजातून, म्हणजे मुख्यतः पदवीचंच शिक्षण देणाऱ्या छोट्या कॉलेजातून घेतली आणि आता एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पीएचडी करतेय. त्यामुळे बारावीची मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

मी त्यांना आधी एवढंच विचारते: तुझं लिखाण कोण वाचणार?

परवा पहिल्या वर्षाचे अर्थशास्त्राचे पेपर तपासत होते. एका मुलीचं उत्तर चुकलं होतं, पण तिथवर ती ज्या वाटेने पोचली होती ती फार हुशारीची होती. मी समासात दोन ओळी लिहिल्या आणि पुढचा पेपर घेतला. सरांपर्यंत तो कागद कधीच जाणार नाही. उद्या शिफारसपत्र लागलं तर ती मागणार कोणाकडे? छोट्या कॉलेजात माझ्यासारखे पीएचडी करणारे विद्यार्थी सहसा नसतातच, म्हणून पेपर प्राध्यापक स्वतः तपासतात आणि प्रयोगशाळेतलं कामही पदवीच्या मुलांकडेच येतं. विल्यम्स कॉलेजात ट्युटोरियल असतात: दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने निबंध लिहायचा, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची. पुढच्या आठवड्यात उलट. तिथे लपायला जागाच नाही.

इंजिनिअरिंग नक्की ठरलं असेल तर मात्र सरळ विद्यापीठात जा. स्वार्थमोर, हार्वी मड अशी इंजिनिअरिंग शिकवणारी छोटी कॉलेजं अपवाद आहेत, पण शाखांची निवड आणि नोकरीसाठी कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या मोठ्या ठिकाणीच जास्त. छोट्या गावात चार वर्षं तेच चेहरे बघणंही सगळ्यांना झेपत नाही. अ‍ॅमहर्स्टसारख्या ठिकाणी शेजारच्या चार संस्थांमध्ये वर्ग घेता येतात, त्याने बराच फरक पडतो.

पैशाचं गणित घरच्यांसोबत बसून मांडा. सरकारी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याकडून राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांची जास्तीची फी घेतात आणि मदत सहसा फारच थोडी देतात. श्रीमंत छोटी कॉलेजं बरीच मदत देतात, पण बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांच्या बाबतीतही प्रवेश ठरवताना ऐपत बघत नाहीत. आपल्याकडे ही नावं फारशी कोणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ऑफर स्वीकारण्याआधी तुमच्या विषयाचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकेत अभ्यासक्रमाला दिला जाणारा सरकारी वर्गीकरणाचा क्रमांक, कॉलेजला मेल करून विचाराच. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४. साधं अर्थशास्त्र, म्हणजे ४५.०६०१, त्या यादीत नाही; इकॉनॉमेट्रिक्सचा ४५.०६०३ आहे. अभ्यासक्रम जवळपास सारखा असला तरी एक कॉलेज हा कोड लावतं, दुसरं तो. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, जो छापून येईल, तोच धरला जातो.