४,५०० दिरहमांचा हिशेब : अमळनेरहून दुबईला अठरा दिवस

दुबईतील एका कंपनीचे टेक सपोर्टच्या नोकरीचे पत्र मला सप्टेंबर २०२४ मध्ये आले आणि त्यातील ४,५०० दिरहम हा आकडा ऐकताच घरातल्या प्रत्येकाने त्याला २३ ने गुणले. दरमहा एक लाख साडेतीन हजार रुपये! वडील दुकानावर गेले की लोक त्यांना "पोरले कितला पगार शे?" असे विचारू लागले. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली, त्या गावात संगणकाच्या नोकरीचे अप्रूप जुने आहे. मी मात्र अकरा वर्षे जळगाव आणि अमळनेरच्या बँक शाखांमधील संगणक व प्रिंटर सांभाळून महिन्याला २८,००० रुपयांवर आलो होतो, आणि एवढी मोठी उडी केवळ गुणाकाराच्या भरवशावर मारण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून होकार कळवण्यापूर्वी नोव्हेंबरात अठरा दिवस तिथे राहून खर्च स्वतः पाहावा, असे ठरवले.

खान्देश एक्सप्रेसने पहाटे मुंबई गाठली आणि त्याच दिवशी तीन तासांच्या विमानप्रवासानंतर दुबईत उतरलो. माझा मामेभाऊ शहराच्या बर दुबई या भागात सहा वर्षांपासून राहतो; त्याच्या खोलीतील एक खाट महिनाभरासाठी रिकामी होती, तीच मी घेतली. तिकीट, पर्यटक व्हिसा आणि राहणे-खाणे धरून मला एकंदर ४६,००० रुपये खर्च आला, आणि तो सार्थकी लागला असे मी ठामपणे म्हणेन. मात्र पर्यटक व्हिसावर जाऊन मुलाखती देता येत असल्या, तरी एक दिवसही काम करता येत नाही. असे काम देणाऱ्या मालकाला ऑगस्ट २०२४ पासून किमान एक लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. "आधी येऊन कामाला लाग, कागद नंतर करू" असे कोणी म्हणाले, तर त्या माणसाशी पुढे बोलूच नये.

तिथे एकट्या माणसाच्या राहण्याचा खरा शब्द आहे बेडस्पेस. एका खोलीत चार खाटा, प्रत्येकाला एक अरुंद कपाट, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर शेजारच्या खोलीसह सामाईक, आणि त्यासाठी महिन्याला ९०० दिरहम. वीज, पाणी आणि वातानुकूलन त्यातच धरलेले. मीना बाजारच्या आसपास पाच-सहा ठिकाणी चौकशी केली, तेव्हा मला ७५० पासून १,२०० पर्यंतचे भाव ऐकायला मिळाले. खोली पाहायला रात्री नऊनंतर जावे, कारण सगळे कामावरून परतल्यावर न्हाणीघरासमोरची रांग आणि झोपेच्या वेळा तेव्हाच कळतात. टेक सपोर्टच्या माणसाला पाळीचे काम असते. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याला दिवसपाळीच्या तिघांबरोबर राहणे जड जाते, आणि हा त्रास कोणत्याही पगारपत्रात लिहिलेला नसतो.

जेवण चौघांनी मिळून केल्यास महिन्याला माणशी ६५० दिरहमांत भागते. कंपनीचे कार्यालय दुबई इंटरनेट सिटीजवळ आहे, म्हणून मी तो प्रवास ऐन गर्दीच्या वेळी करून पाहिला : अल फहिदीहून मेट्रोची ग्रीन लाइन, बरजुमानला बदलून रेड लाइन, एका वेळेला ५ दिरहम. दोन झोनचा (भाड्यासाठी पाडलेल्या विभागांचा) मासिक पास २३० दिरहमांना मिळतो. डब्यात काही खाल्ले किंवा पाणी जरी प्यायले, तरी १०० दिरहम दंड होतो, हे आपल्याकडच्या रेल्वेची सवय असणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावे. मोबाइलला १२५ आणि किरकोळ खर्चाला २०० धरले, तर एकूण २,१०५ दिरहम होतात. उरतात २,३९५, म्हणजे साधारण ५५,००० रुपये. वर्षाकाठी घरी येण्याचे तिकीट आणि आजारपण यांतूनच निघणार. एक लाख साडेतीन हजारांचे हे खरे रूप आहे. अमळनेरात स्वतःच्या घरात राहून माझ्या हाती महिन्याला जेमतेम ९,००० शिल्लक पडत असल्याने ही रक्कम मला लहान वाटली नाही. परंतु घरच्यांनी गृहीत धरलेल्या रकमेच्या ती जवळपास निम्मी होती.

या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला मामेभावाने दाखवली. पत्र वाचून तो म्हणाला, "दादा, एकूण आकडा सोड, बेसिक किती लिहिलाय ते बघ." माझा मूळ पगार फक्त १,८०० दिरहम होता आणि उरलेले सगळे भत्ते. तिथल्या कायद्याप्रमाणे एक वर्ष पूर्ण केल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी असते, आणि जादा कामाचा दर व नोकरी सोडताना न घेतलेल्या रजेचे पैसेही मूळ पगारावरच ठरतात. म्हणजे १,८०० वर वर्षाला १,२६० दिरहम ग्रॅच्युइटी, तर २,७०० वर १,८९०. एकूण पगार तोच ठेवून कंपनी इथे आपले पैसे वाचवते. मी दुसऱ्याच दिवशी मूळ पगार ६० टक्के करावा, अशी विनंती लेखी पाठवली.

कुटुंबाला नेण्याचा प्रश्न मी मनात धरूनच गेलो होतो. कायद्याने ४,००० दिरहम पगार असणाऱ्याला पत्नी व मुलांचा व्हिसा काढता येतो, त्यामुळे कागदावर मी पात्र होतो. पण अल नहदा भागात पाहिलेल्या एका खोलीच्या स्टुडिओचे वार्षिक भाडे ४८,००० दिरहम, म्हणजे महिन्याला ४,००० निघाले. शिवाय भाडे मोजक्या धनादेशांत आगाऊ द्यायचे, दलाली वेगळी, वीज-पाण्याच्या जोडणीसाठी २,००० दिरहम अनामत, आणि वार्षिक भाड्याच्या ५ टक्के नगरपालिकेचे शुल्क वीजबिलातून. शारजात भाडे कमी आहे, पण तिथून संध्याकाळी येताना आम्हाला दोन तास लागले. या पगारात बायको आणि तिसरीतली मुलगी यांना नेणे अशक्य आहे, हे त्या खोलीत उभे असतानाच मला कळून चुकले, आणि ते घरी फोनवर सांगताना मला फार जड गेले.

जळगावात मला भेटलेल्या एका एजंटाने याच प्रकारच्या नोकरीसाठी १,२०,००० रुपये मागितले होते. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात, आणि अमिरातीच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नसतो. एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या भागातले कितीतरी जण केळीच्या बागेवर किंवा घरातल्या सोन्यावर कर्ज काढून असे पैसे भरतात, म्हणून हे मी मुद्दाम लिहितो आहे.

कराबाबत एक बारकावा आहे. अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. परंतु त्या आर्थिक वर्षात तुम्ही १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिला असाल, तर तिथला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. फेब्रुवारीत रुजू होणाऱ्याला त्या वर्षाचे दोन महिने असे दाखवावे लागतील. अनिवासी झाल्यावर बँकेतील बचत खाते एनआरओ (अनिवासींचे भारतातील उत्पन्नासाठीचे खाते) करून घ्यावे आणि तिकडून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई खाते उघडावे.

परतण्याच्या दोन दिवस आधी कंपनीचे उत्तर आले : एकूण पगार तोच, मूळ पगार २,७००. त्या रात्री बायकोशी तासभर बोललो आणि दोन वर्षे एकट्याने राहण्याचे आम्ही ठरवले. पदवीच्या प्रमाणपत्राला राज्य शासन, आपले परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास असे शिक्के लागतात व त्यात अनेक आठवडे जातात, म्हणून गावी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी जळगावला विद्यापीठात पडताळणीचा अर्ज दिला.