जांबोटीच्या पलीकडे उजळलेला ‘नवा तारा’

उत्तर मुकुट या तारकासमूहात टी कोरोनी बोरिअॅलिस नावाचा एक तारा आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा असतो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी). परंतु सुमारे ऐंशी वर्षांतून एकदा तो अवघ्या काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत, म्हणजे जवळजवळ ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी होतो. तिथे खरे तर दोन तारे आहेत. एक श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा, आपल्या सोबतच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याकडून हायड्रोजन ओढून घेत असतो, तो थर पुरेसा साचला की पृष्ठभागावरच अणुसंमीलनाचा भडका उडतो (अशा एकाएकी उजळणाऱ्या ताऱ्याला नवतारा म्हणतात), आणि मग साचण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. १८६६ आणि १९४६ या दोन्ही उद्रेकांच्या तपशीलवार नोंदी आहेत. १९४६ च्या आधी हा तारा काहीसा मंदावला होता आणि २०२३ मध्येही तसेच दिसल्यामुळे, पुढचा उद्रेक जवळ आला असावा, अशी जगभरच्या निरीक्षकांची अपेक्षा आहे. ती अजून पुरी झालेली नाही.

बेळगावातील एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना या ताऱ्यावर पाळत ठेवण्याचा प्रकल्प मी दिला, कारण त्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही. साधा डीएसएलआर कॅमेरा, ८५ मिलिमीटरची लेन्स, ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर आणि अंधारे आकाश एवढ्यावर काम भागते. अंधाराचे बेळगावात मात्र कठीण आहे. शहापूर-टिळकवाडीच्या गच्चीवरून उत्तर मुकुटाचा एखाद-दुसरा ताराच काय तो दिसतो. म्हणून खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावातील मराठी शाळेचे मुख्याध्यापक आम्हाला शाळेचे पटांगण वापरू देतात. बेळगावचा उजेड पूर्वेला मागे राहतो आणि पश्चिमेला घाटमाथ्याचे रान असल्यामुळे, आम्हाला हवी असलेली दिशा अगदी काळीकुट्ट मिळते.

ऑक्टोबरात या कामाला घाई असते. पावसाळाभर ढगांमुळे काही दिसत नाही, आणि ढग हटतात तोवर उत्तर मुकुट पश्चिमेकडे उतरू लागलेला असतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास तो वायव्य-पश्चिमेला क्षितिजापासून तीसेक अंशांवर असतो आणि साडेनऊच्या आत मावळतो. तेव्हा निरीक्षण करायचे ते संधिप्रकाश सरता सरता, हाती असलेल्या दीड-दोन तासांतच. मी सांगणार आहे ती संध्याकाळ याच दिवसांतली होती.

कॅमेरा लावून झाला होता आणि पंधरा-पंधरा सेकंदांची चित्रे एकामागून एक घेणे चालू होते. सदलग्याची एक विद्यार्थिनी नकाशा हातात धरून नुसत्या डोळ्यांनी मुकुटाचा अर्धगोल लावून पाहत होती. ती एकदम ओरडली, “सर, पेटला! बघा की, एप्सिलॉनच्या खाली!” मी वर पाहिले. जिथे काही दिसायला नको होते, बरोबर तिथेच, मुकुटातील एप्सिलॉन ताऱ्याच्या शेजारी, एक पिवळसर ठिपका फुलत होता. मुकुटातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यालाही मागे टाकून तो दोन-तीन सेकंद तसाच राहिला आणि विझला. ऐंशी वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली, अशा समजुतीने मुलांनी केलेला आरडाओरडा ऐकून शेजारच्या घरांतील माणसे अंगणात आली.

नवतारा असा तीन सेकंदांत विझत नाही. हे त्या मुलांनाही माहीत होते, पण त्या क्षणी कोणाला आठवेल? मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते चित्र मोठे करून त्यांना दाखवले. सगळे तारे सुईच्या टोकासारखे होते आणि एप्सिलॉनच्या अगदी कडेने एक आखूड पांढरी रेघ तिरकी गेली होती, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती होत नाहीशी झालेली. डोळ्यांना जागच्या जागी वाटलेला तो ठिपका चित्रात सरकलेला होता. याचा अर्थ तो उपग्रह होता. त्याच्या एखाद्या सपाट भागावरून सूर्यप्रकाश क्षणभर थेट आमच्याकडे परावर्तित झाला होता. मग मागची-पुढची चित्रे पाहिली, तर त्या तासाभरातील बऱ्याच चित्रांत अशा रेघा होत्या, फक्त फिकट. एका चित्रात तर दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या, आणि त्यांपैकी एक, ज्याच्याशी तुलना करून आम्ही मूळ ताऱ्याची प्रत ठरवतो, त्या ताऱ्याच्या बरोबर अंगावरून गेली होती. ते चित्र मोजमापातून काढून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

उपग्रह म्हणून मोकळे होणे पुरेसे नसते. तो नेमका कोणता होता हे पडताळल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, आणि त्यासाठी उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती इंटरनेटवरून घ्यावी लागते. त्या गावात इंटरनेट नाही. फोनला थोडीशी रेंज मिळते ती गावाबाहेरच्या देवळापाशी, चढावर. म्हणून ती विद्यार्थिनी आणि मी विजेरी घेऊन तिकडे गेलो. तिथे आमच्या आधीच माणसे उभी होती. एक गृहस्थ मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची धडपड करीत होते, आणि गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य-स्वयंसेविका, एका गरोदर बाईच्या तपासणीची माहिती वर पाठवण्यासाठी फोन डोक्यापेक्षा उंच धरून उभ्या होत्या. पावसाळ्यात रात्री-अपरात्री १०८ ला फोन लावायचा, तरी इथवर यावे लागते असे त्यांनी सांगितले. मघाचा गलबला कशाचा होता, हे त्यांनी विचारले आणि मी थोडक्यात समजावून दिले. त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे सर, ते इंटरनेट आमच्या डोक्यावरनं जातंय, मग आम्हालाच का मिळत नाही ओ?”

या प्रश्नाला मी दिलेले उत्तर त्या वेळी अपुरे वाटले, म्हणून इथे ते सविस्तर लिहितो.

मे २०१९ मध्ये स्टारलिंक या उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या अमेरिकी जाळ्याचे पहिले ६० उपग्रह एकाच उड्डाणात कक्षेत सोडण्यात आले. पूर्वी इंटरनेट देणारे उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असत. तेथून संदेश जाऊन यायला वेळ लागतो. नवे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असतात, त्यामुळे संदेश लवकर पोहोचतो. परंतु इतक्या खालून एका उपग्रहाच्या टप्प्यात जमिनीचा छोटासा भागच येतो आणि तोही काही मिनिटांत मागे पडतो, म्हणून सेवा अखंड ठेवायला हजारो उपग्रह लागतात. आज एकट्या स्टारलिंकचे सात हजारांहून अधिक उपग्रह फिरत आहेत. वनवेब या दुसऱ्या कंपनीचे असेच जाळे १,२०० किलोमीटरवर आहे आणि त्यातले ७२ उपग्रह आपल्या इस्रोने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन उड्डाणांत श्रीहरिकोट्याहून सोडले. जून २०२५ मध्ये स्टारलिंकलाही भारताच्या दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. आशाताईंच्या डोक्यावरून जाणारी सेवा त्यांच्यापर्यंत न पोहोचण्याचे कारण परवाने, जमिनीवरची केंद्रे आणि दर यांत आहे. आकाशात उपग्रह कमी आहेत म्हणून नव्हे.

आता आमच्या बाजूची अडचण. सूर्य मावळल्यावर जमिनीवर अंधार पडतो, पण ५५० किलोमीटर उंचीवर ऊन असते. डोक्यावरून जाणारा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरायला सूर्य क्षितिजाखाली सुमारे २३ अंश जावा लागतो. आमच्या अक्षांशावर याला दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि पश्चिमेकडचे उपग्रह त्यानंतरही उजळलेले राहतात. वनवेबसारखे उंचावरचे उपग्रह तर आणखी उशिरापर्यंत दिसू शकतात. युरोपच्या उत्तर भागात उन्हाळ्यात हा त्रास रात्रभर असतो. आपल्याकडे मध्यरात्र तेवढी वाचते, हे आपले भाग्य. मात्र संध्याकाळ आणि पहाट वाचत नाही, आणि काही कामे संध्याकाळी आणि पहाटेच करावी लागतात. सूर्याच्या दिशेने पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह त्याच वेळी शोधता येतात. मावळतीला आलेल्या ताऱ्यावरची पाळतही त्याच वेळी ठेवावी लागते. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणात २०१९ च्या अखेरीस संधिप्रकाशातल्या चित्रांपैकी अर्ध्या टक्क्याहून कमी चित्रांवर स्टारलिंकच्या रेघा होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये हे प्रमाण १८ टक्के झाले, आणि तेव्हा हे उपग्रह दोन हजारही नव्हते. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या एका चित्रात सुमारे ४५ पूर्णचंद्र मावतील एवढे आकाश येते. जितके मोठे चित्र, तितक्या त्यात रेघाही अधिक येणार हे उघड आहे.

रेघ पडलेले चित्र टाकून देता येते, किंवा रेघेपुरता भाग वगळून बाकीचा वापरता येतो. त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलेली खरी हानी वेगळी आहे. आकाशात अचानक काही उजळले की ते खरेच नवे आहे, असे मानण्याचा निरीक्षकाचा सहज विश्वास आता उरत नाही. पूर्वीही इरिडियम या उपग्रह-फोन सेवेचे उपग्रह असे चमकत, पण ते थोडे होते आणि त्यांची चमक सेकंदापर्यंत आधी सांगता येई. आम्ही तरुणपणी हौसेने ती पाहायला थांबत असू. हजारो उपग्रहांच्या गर्दीत प्रत्येक ठिपक्याची चौकशी करावी लागते, आणि ज्याच्याजवळ इंटरनेट नाही, त्याला ती करताच येत नाही. हौशी निरीक्षकांनी नवताऱ्यांच्या शोधात आजवर मोठी भर घातली आहे. त्यांची नोंद संशयास्पद ठरू लागली, तर खगोलशास्त्राचे नुकसान होईल, आणि ते कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

रेडिओ दुर्बिणींची अडचण तर डोळ्यांना दिसतही नाही. युरोपातील लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिले की स्टारलिंकच्या उपग्रहांतील विद्युत यंत्रणेतून, संदेशवहनाशी संबंध नसलेल्या, ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या लहरी गळतात. पुढच्या पिढीच्या उपग्रहांत ही गळती ३२ पटींपर्यंत वाढलेली आढळली. नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी याच पट्ट्यातही विश्वाचा ठाव घेते, म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. कंपन्यांनी काळा लेप देऊन, मग सूर्यप्रकाश अडवणाऱ्या झापा लावून पाहिल्या आणि उपग्रह काही प्रमाणात मंद झालेही. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा मंद असावा, अशी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेची शिफारस आहे. पण शिफारस पाळण्याची सक्ती कोणावरही नाही. २०२२ मध्ये सोडलेल्या ब्लूवॉकर-३ या उपग्रहाचा ६४ चौरस मीटरचा अँटेना उलगडल्यावर तो आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला होता. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये नव्या उपग्रहांना परवानगी देताना तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशी समन्वय राखण्याची अट घालण्यात आली. परवाना देतानाच अट घालता येते, याचे हे उदाहरण आहे. एकदा उपग्रह वर गेल्यावर कोणाला काय सांगणार?

त्या चढावर आम्हाला आमचे उत्तर मिळाले. वेळ आणि दिशा जुळवून पाहिल्यावर तो इंटरनेटच्या जाळ्यातीलच एक उपग्रह ठरला. खाली येऊन आम्ही उरलेली चित्रे घेतली, रेघा नसलेली निवडून एकत्र केली आणि मूळ तारा दहाव्या प्रतीच्या आसपासच, जिथल्या तिथे असल्याची खात्री केली. तेव्हापासून आमच्या नोंदवहीत तारीख, वेळ आणि आकाशाची स्थिती यांच्या पुढे ‘उपग्रह पडताळला का’ असा एक स्तंभ आहे, आणि शाळेत जाण्याआधी कक्षांची माहिती बेळगावातच उतरवून घेण्याची मुलांनी स्वतःहून सवय लावून घेतली आहे.

मुख्याध्यापक गावासाठी इंटरनेटचा अर्ज पुन्हा एकदा लिहीत आहेत, आणि त्यात खगोल-निरीक्षणाविषयी चार ओळी घालाव्यात का, असे त्यांनी मला विचारले. मी होकार दिला. रानातून केबल येवो की छपरावर उपग्रहाची थाळी बसो, आशाताईंना देवळाचा चढ चढावा लागू नये ही मागणी सर्वांत वर आहे आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. खालच्या चार ओळींत आम्ही एवढेच मागितले आहे की, भारतात सेवा देणाऱ्या प्रत्येक जाळ्याला परवान्यातच उपग्रहांच्या तेजाची मर्यादा आणि लहरींच्या गळतीची मर्यादा घालून द्यावी, तसेच त्यांच्या कक्षांची माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्याचे बंधन असावे. असा अर्ज कोणत्या खात्याकडे पाठवायचा, याचा शोध सध्या विद्यार्थी घेत आहेत.