पदकाच्या कडेवरचा क्रमांक

पुण्यातल्या आमच्या घरी, ट्रंकेत, आजोबांच्या थोरल्या भावाचे दुसऱ्या महायुद्धातले पदक आहे. त्याच्या झिजलेल्या कडेवर कोरलेला लष्करी क्रमांक भिंगाखाली वाचता आला आणि माझ्या शोधाला दिशा मिळाली. ते तोफखान्यात खेचरांवर तोफेचे सुटे भाग लादत, एवढेच घरात ठाऊक होते. एकाच नावाचे अनेक जवान असल्याने नाशिक रोडच्या तोफखाना अभिलेख कार्यालयाला लिहिताना क्रमांक हवाच. युद्धात कामी आलेल्यांच्या बाबतीत राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे, पत्नीचे आणि गावाचेही नाव सापडते. मात्र इंग्रजी लिपीत गावांची रूपे इतकी पालटलेली असतात, की ती मोठ्याने उच्चारूनच ओळखावी लागतात. आजोबांच्या या भावाच्या आधीच्या पिढ्यांसाठी आता मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वंशावळीची वही घेऊन येणाऱ्या हेळव्याची वाट पाहतो आहे.